तडा जोडातूनच जाणार

२ मार्च
आजपासून शिस्त. महिनाअखेर नोकरीचा करार संपतोय. विभागप्रमुख मॅडमनी स्पष्टच सांगितलं, लॅबच्या बीमचा आलेख आणि तुमच्या मॉडेलचा आलेख जुळला तरच मुदतवाढ. काँक्रीटचे दोन ठोकळे जोडलेला बीम आहे. वजन टाकल्यावर तडा कुठून जाईल, ते कॉम्प्युटरवर आधी सांगायचं. जोडातूनच जाणार. शेंबडं पोरही सांगेल.

५ मार्च
मॉडेलमध्ये जोडाचा कडकपणा वाढवला की प्रोग्रॅम रुसून बंद पडतो. कमी केला की ठोकळे एकमेकांच्या पोटात घुसतात. कुठे माशी शिंकते कळत नाही. दोष कॉम्प्युटरचा.

९ मार्च
बायको म्हणाली, आरशात तोंड बघ जरा. म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. थोडंसंच.

१४ मार्च, सकाळ
जुळला. रेघेवर रेघ. इतकं तंतोतंत कुणाचंच जुळत नाही. बायकोला सांगितलं, मुदतवाढ मिळालीच समज.

१६ मार्च
मॅडम बराच वेळ आलेख बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लॅबचा आलेख आणलात कुठून? बीम अजून तोडलेलाच नाही.
तपासलं. लॅबची म्हणून उघडलेली फाइल माझ्याच मॉडेलची निघाली, गेल्या वर्षीची. म्हणजे पंधरवडाभर मी माझ्याशीच जुळवून घेत होतो. म्हटलं, मॅडम, यातून मॉडेलचं सातत्य सिद्ध होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.
शुक्रवारी बीम तोडणार. शेवटची संधी. पाचावर धारण बसलीय, पण मॉडेल पक्कं आहे. जोड सोडून बाकी कुठे तडा जायची सोयच ठेवलेली नाही. उगाच वेळ कशाला घालवा?

२० मार्च
जोड शाबूत. तडा शेजारच्या अखंड ठोकळ्यातून गेला. लॅबवाला म्हणाला, जोड मनापासून भरला होता, सर. त्याचा गळा धरावासा वाटला.
मॅडमना समजावलं की मॉडेल बरोबर आहे, बीम चुकलाय. त्या म्हणाल्या, महिनाअखेर टेबल रिकामं करा.
घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने आत जाऊन आपल्या भावाला फोन लावला. मेहुण्याचं फरश्यांचं दुकान आहे. त्याला माझ्यासारखा तांत्रिक सल्लागार हवाच होता. एक तारखेपासून जायचंय. जुने कपडे घालून या म्हणालाय, ट्रक उतरवायचाय.