डब्ब्यातली सरसर

९ मार्च
पाहुणे पांगले. पोरबाळ न्हाई, त्यामुळं घरात आता मी आन् सासू. आत्याबाई आज बी सकाळपासून ह्यांच्या होम थेटरसमोर बसल्यात. काही लावलेलं न्हाई, नुसता लाल दिवा. तरी भिंतीवरच्या स्पीकरच्या बारक्या डब्ब्यांतून सरसर येती, ज्वारी चाळल्यावानी. खालच्या मोठ्या डब्ब्यातून भुण्ण. म्हणलं बंद करते.
"त्याच्या हातचं चालू हाय. हात लावू नको."
खरंय. दवाखान्यातनं घरी आणलं, तवा शेवटच्या दिवशी खाटेवरनं ह्यांनीच रिमोट दाबला होता. काय बघायचं होतं कुणाला ठाऊक. चहा गार झाला. परत केला.

१० मार्च
पिठाचं लिहून ठेवते, न्हाईतर लोक भलतंच सांगत सुटतील. जीव गेला त्या जागी पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वर दुरडी झाकायची. आमच्यात करतेत. सकाळी पिठात ज्याची पावलं दिसतील त्या जन्माला माणूस गेला. पीठ माझ्याच गिरणीतलं, तांदळाचं, मीच चाळलं. खाट होती होम थेटरपुढं, म्हणून पीठ बी तिथंच.
पाहुणे होते तवाच सकाळी दुरडी उचलली, तर पाऊल एक न्हाई. बारीक बारीक लाटा, एकामागं एक. चुलत सासरे म्हणले साप झाला. नणंद सुमन म्हणली, "साप तुमच्यात होतेत काका, माझा भाऊ पाखरू झाला." दुखाच्या घरात भांडणं. आत्याबाई खाली वाकल्या. लाटा कुठून सुरू झाल्यात ते बघितलं. मोठ्या डब्ब्याच्या तोंडापासून.
"कुठं गेला न्हाई. ह्यातच हाय."
तवापासून तिथंच बसणं. डब्ब्यात कुणी न्हाई. डब्बा हादरतो, पीठ हालतं, गिरणीत रोज बघते मी. सांगितलं तसं. ऐकत्यात व्हय.

१४ मार्च
गिरणी चालू असली की सरसर ऐकू येत न्हाई. दळण संपलं तरी लगेच बंद करत न्हाई आता.
दुपारी लाईट गेली. आत्याबाई, आ.बा.च लिहिते आता, गिरणीच्या दारात आल्या रडत. "गेला का गं?" म्हणलं, लाईट गेली. लाईट आली, सरसर आली, बाईनं डोळे पुसले आन् भाकर खाल्ली. वर म्हणल्या कालवणात मीठ न्हाई. होतं.

२१ मार्च
सिरसाळ्याहून सुमनचा फोन. आईला घेऊन जाते म्हणती.
"घेऊन जा."
"वैनी, तुला ठेवायची असंल तर तसं सांग."
"त्यांच्या मनावर."
"आन् तुझ्या मनावर काय हाय?"
दळण आलंय म्हणून फोन ठेवला. दळण न्हवतं.

२७ मार्च
झाडताना होम थेटरच्या आवाजाच्या बटनाला हात लागला, जरासं फिरलं. डब्ब्यातून खर्र... खर्र. हे घरात यायच्या आधी अंगणात घसा साफ करायचे, तस्सं. झाडू पडला हातातला. पदर डोक्यावर घेतला मी.
कुणासाठी घेतला?
आ.बा. बघत होत्या. काही म्हणल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
रफीकला बोलवलं. मांजरसुंब्याला चौकात टीव्ही दुरुस्तीचं दुकान, ह्यांचा जुना दोस्त, हे मशीन बी त्यानंच बसवलेलं. आला, आधी आत्याबाईंच्या पाया पडला, मग डब्ब्याला कान लावला. दोघं शेजारी कान लावून. हसू आलं मला.
म्हणला, "भाभी, हे दोन आवाज हायेत. भुण्ण अर्थिंगची हाय, खड्डा कोरडा पडला की येती. सरसर मशीनची सवताची."
अर्थिंगचा खड्डा गिरणीमागं, कढीपत्त्याच्या बुडाशी. कोरडाठाक. कढीपत्ता बी वाळायला लागलेला.
"ह्यात पाणी कोण टाकायचं?"
हे टाकायचे. ऊन तापलं की रोज बादली. मला वाटायचं झाडाला घालतेत. लई बोलायची मी, प्यायला घागर न्हाई आन् ह्यांचे झाडाचे लाड. नुसतं हसायचे. खड्ड्याचं कधी सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई, नुसती बोलले. दवाखान्यात नेलं तवापासून तिथं पाणी पडलं न्हाई.
म्हणजे भुण्ण ते न्हाईत म्हणूनच येती. आत्याबाई म्हणतेत ते मग किती खोटं...
सरसरीचं विचारलं. "ती पहिल्यापासून हाय भाभी. नवं आणलं तवा बी होती. गाणं चालू असलं की कळत न्हाई. तुमच्याकडं ते कधी गप असायचं का?"
न्हवतं. हे घरात असले की मोठ्यानं लावलेलंच. मीच ओरडायची, बारीक करा.
आवाजाच्या बटनात धूळ गेली, खर्र त्याचीच, फवारा मारू का म्हणला. म्हणलं ऱ्हाऊ दे. माझ्याकडं बघितलं त्यानं. फवारा पिशवीत ठेवला.

३ एप्रिल
खड्ड्यात बादली ओतली. संध्याकाळपर्यंत भुण्ण गेली. सरसर एकटी राहिली. आ.बा. किती येळ कान लावून. "बारीक झाला. निघाला तो." भाकर तशीच.

५ एप्रिल
आज बी नुसतं दूध. शेवटी सांगून टाकलं, मी खड्ड्यात पाणी टाकलं म्हणून आवाज गेला, दुसरं काही न्हाई.
"मग तूच घालवलास म्हण की."
काय बोलायचं ह्या बाईशी. बादली आपटली मी. मग ओतली.

८ एप्रिल
सुमन गाडी घेऊन आली. आ.बा. गाडीत बसल्या. निघताना डब्ब्यावरनं हात फिरवला. माझ्यावरनं न्हाई. "चालू ठेव" एवढंच.
लुगडी न्यायची राहिली, दोरीवरच हायेत. सुमनला फोन करून सांगायचं होतं. केला न्हाई.

१२ एप्रिल
गिरणी बंद. मोटारीचा पट्टा तुटला. घर असं कधी ऐकलं न्हवतं मी. सरसर अंगणापर्यंत येती. बंद करावं म्हणून गेले, बटनापर्यंत हात नेला. त्यांच्या हातचं चालू हाय. हे मी म्हणलं, मोठ्यानं. आपलाच आवाज ऐकून दचकले.

१५ एप्रिल
खड्ड्यात बादली टाकायची बंद केली. कढीपत्त्याला तांब्यानं घालते, बुडापासून लांब.

२४ एप्रिल
भुण्ण आली. अजून बारीक हाय. हाताला आधी लागली, मोठ्या डब्ब्यावर हात ठेवला तवा. मग कानाला.
चहा दोन कप केला. सवयीनं. एक ओतून दिला.
लुगडी घडी करून ठेवली.

२८ एप्रिल
गिरणीला नवा पट्टा बसवला. दळणाला आलेली शेजारीण म्हणली, "नुसतंच काय चालू ठेवलंय गं, बिल येत न्हाई का?" म्हणलं तुझं दळण घे आन् जा. उगं बोलले. बरी हाय ती.

२९ एप्रिल
दुपारी आत्याबाईंचा फोन, सुमनच्या मोबाईलवरनं. जेवल्या का विचारलं. त्यांनी उलट विचारलं,
"चालू हाय का?"
"हाय."
"लाव बघू."
मोबाईल मोठ्या डब्ब्याच्या तोंडाशी धरला. खाली बसून, हात अवघडेस्तोवर. पीठ पसरलं होतं तीच जागा. मग फोन कानाला घेतला. श्वास ऐकू येत होता त्यांचा.
"मोठा झाला गं. काय म्हणतो?"
डब्ब्यात कुणी न्हाई. मी पहिल्या दिवसापासून सांगते.
"म्हणतो, आईला घरी आण."
फोन कट झाला का बघितलं, न्हवता झाला. मग म्हणल्या,
"त्याचं कळलं. तू काय म्हणतीस?"
तेवढ्यात लाईट गेली. डब्बा गप. दळण न्हवतं, गिरणी बंदच होती. फोन माझ्या कानाला, आन् तिकडं आत्याबाई माझं काय ते ऐकायला थांबलेल्या.