रविवारपासून सगळे माझ्या धर्माचे

दोनदा धर्म बदललास तो बदललास, आणि दोन्ही वेळा दवंडी पिटलीस की रविवारपासून सगळे माझ्याच धर्माचे, नाही पटलं तर चालते व्हा! राजा झालास म्हणून लोकांच्या पोटातला देवही तुझाच? जर्मनीतल्या राजा, तुला मरून चारशे वर्षं होत आली, पण मी तुला सोडणार नाही. ऐक आता.

माझी नात इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत तुझाच अभ्यास करते. मी भाकरी थापते, ती ओट्याशी उभी राहून तुझं आयुष्य सांगते. पहिला धर्म सोडलास शेजारच्या मुलखासाठी, दुसरा सासऱ्याच्या फौजेसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक पाववाल्याची विधवा तेवढी म्हणाली, "मला कुणी विचारलं?" आणि बर्फात वेशीबाहेर निघून गेली. तिचा मुलगा तुझ्याच भटारखान्यात कामाला. पुढे तिचं काय झालं ते लिहिलेलं नाही म्हणे. तुझ्या शिकारी कुत्र्यांची नावं मात्र सगळी लिहिलेली आहेत.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. बापाने आईला विचारलं, "तुला पटतंय का?" आई म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून नाही. थांबा." मग एका सकाळी देव्हाऱ्यातले देव तिने स्वतः टोपलीत घालून नदीत सोडले, पांढरं लुगडं नेसली आणि बापाच्या पुढे चालायला लागली. अजून दिसते मला. बाप मागे राहतोय, ती थांबत नाही.

आणि परवा माझा मुलगा म्हणतो, "आई, शनिवारी ऑफिसचे लोक जेवायला येतायत, सगळे पुण्या-मुंबईचे. निळ्या कोटातला फोटो तेवढा क्लोजेटमध्ये, कोटांच्या मागे ठेवतो." ज्यांनी आम्हाला हा रस्ता दाखवला, त्यांचा फोटो!

"आणि बुद्ध?"

"बुद्ध राहू दे ना. तो चालतो सगळ्यांना."

"मग मलाही टांग तिथेच. पाहुण्यांना सांग, आई कोटांच्या रांगेत आहे."

नात म्हणाली, "बाबा, सीरियसली?" त्याने फोटो उतरवला. तू दवंडी पिटलीस, हा कुजबुजला, एवढाच फरक.

फोटो मी बाहेर काढलाय, मांडीवर आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? खिळा भिंतीत आहेच, स्टुलावर चढून मीही टांगेन. पण मला तो त्याच्याच हाताने टांगलेला हवाय, म्हणून बसलेय. तू उत्तर देऊ नकोस, तुझं तोंड बंद ठेव. त्या पाववाल्याच्या विधवेला बोलू दे. बर्फात निघाली तेव्हा मुलगा तिच्यामागे आला का, ते तिनेच सांगावं.