कोर्बिएर कशाबरोबर वाढायची

जुबैल, सौदी अरेबिया. शुक्रवार संध्याकाळ

मेसमधली माझी वाढप्याची नोकरी आता सौदी माणसाला जाणार. म्हणून उद्या फोनवर जहाजावरच्या वेटरच्या कामाची मुलाखत. तिथं वाइनचं विचारतात म्हणे, आणि मी तर कधी बाटलीसुद्धा हातात धरलेली नाही. शेवटी मेसला जेवणाऱ्या फ्रेंच इंजिनियरला विचारलं.

खूश झाला. “माझ्या भागातली कोर्बिएर सांग. लाल वाइन, दक्षिण फ्रान्सची. तिकडं डोंगर, कडक ऊन, समुद्राचा वारा. मटणाबरोबर दे.”

वास कसला? तर उन्हात तापलेल्या रानझुडपांचा. हे लगेच पाठ झालं. गावी आमच्या घरामागच्या कातळावर उन्हाळ्यात तोच तर वास.

पण अम्मा? ती नको म्हणाली तर जायचं नाही, हे ठरलेलं. फोन केला.

“जहाजावर काय करणार?”

“जेवण वाढणार.”

“आणि प्यायला?”

“जे मागतील ते.”

“तुझा बाप जहाजावरच होता रे. मला शिकवू नको. तू पिणार नाहीस ना?”

“नाही, अम्मा.”

मग म्हणाली, “कशाबरोबर देतात ती दारू?”

“मटणाबरोबर.”

“आणि मासळीबरोबर?”

ते मी विचारलंच नव्हतं. उद्या नाश्त्यालाच त्या फ्रेंचाला गाठतो.