बाबांचा पेला आणि कर्दनकाळ

रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. मी बरी आहे, गुडघाही बरा आहे, जिन्यातला दिवा एकदाचा लागला. तुझी नवी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, आणि तू जेवतेस की नुसती बिस्किटं खातेस, हे सविस्तर कळव. फोनवर तू 'हो गं, खाते गं' म्हणून मोकळी होतेस, म्हणून तर पत्राचा हट्ट. पत्रात थापा मारायला जास्त मेहनत पडते.

आता तक्रार ऐक. कर्दनकाळाने काल माझं चौथं खोकं मोडलं.

पहिल्यापासून सांगते. लहान मुलांना झटके येतात, त्यावरचं एक पातळ औषध आहे. ते काचेच्या बाटलीतच टिकतं. कारखान्यातून निघताना बाटल्या धडधाकट असतात, पण गाड्या बदलत, कुणाच्या तरी खांद्यावरून लांबच्या दवाखान्यात पोचेपर्यंत निम्म्या फुटलेल्या. एका परिचारिकेने तर तसलं एक खोकं आमच्या खोक्यांच्या कारखान्याकडे परतच पाठवून दिलं. आत काचांचा चुरा, भिजून बसकण मारलेला पुठ्ठा आणि चिकट गोड वास. तिकडे कुणाचं तरी पोर त्या औषधाची वाट बघत असणार. मोठेसाहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, यावर काहीतरी करा. पुठ्ठा मात्र जाड करायचा नाही हं, वजन वाढतं." म्हणजे हात बांधायचे आणि वर 'पोहा' म्हणायचं.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. पुठ्ठा असा कापला, की आतल्या नागमोडी पन्हळी उभ्या येतील, कारण उभ्या पन्हळी भार पेलतात. आत प्रत्येक बाटलीला खण केला, तळाला दुहेरी घडी घातली. घरी आणून स्वतः त्यावर उभी राहिले. माझं वजन तुला माहीत आहे. खोक्याने हूं की चूं केलं नाही. मग चाचणीच्या खोलीत नेलं. तिथे हा कर्दनकाळ (बघ, रागात माझं अरेतुरे सुरू होतं) खोकं हातात घेऊन इकडून तिकडून बघतो आणि गालातल्या गालात हसून म्हणतो, "सुंदर आहे हो. कुठल्या कोपऱ्यावर टाकू?" आणि टाकलंच! दोन बाटल्या खलास. वर पुन्हा शहाणपण, "खोकं काय सपाट पडतं का बाई? ते कोपऱ्यावरच पडतं."

इतकी वर्षं हेच चाललंय. मी खोकी बनवायची, त्याने ती मोडायची, आणि या उद्योगाचा दोघांनाही पगार. तू लहान असताना मी रोज जेवायला बसले की त्याच्या नावाने बोटं मोडायची, आणि एकदा तू त्याचं चित्र काढलं होतंस, आठवतं? डोक्यावर दोन शिंगं, नाकाखाली झाडूएवढी मिशी. बाबांना हसून हसून ठसका लागला होता. 'कर्दनकाळ' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. ते चित्र मी ऑफिसात नेऊन टेबलासमोर चिकटवलं होतं. शिंगं सोडली तर अगदी हुबेहूब.

बाकी विशेष काही नाही. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. बाबांचा पेला कपाटात आहे, रुमालात गुंडाळलेला. तू जाताना म्हणाली होतीस, "आई, ज्या दिवशी तुझा तुझ्याच खोक्यावर भरवसा बसेल त्या दिवशी पाठव." अजून नाही बसला गं.

तुझी,
पुठ्ठ्याच्या ढिगात बसलेली
आई

---

रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मिळालं. समोरच्या गच्चीवर एक आजोबा आरशाशी भांडत दाढी करतात, हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले. बिस्किटांबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस, ते माझ्या लक्षात आलं आहे.

आता बातमी. खोकं टिकलं! टिकलं म्हणजे कसं, छाती काढून टिकलं!

झालं असं, की मी कोपऱ्यांशी भांडणं सोडून दिलं. इतके दिवस कोपरा कडक करत होते, आणि कोपरा जितका कडक तितका धक्का थेट बाटलीला बसत होता. या खेपेला खणांच्या पट्ट्या अशा दुमडल्या, की बाटल्या मध्ये राहतात आणि कोपऱ्यांत काहीच नाही, नुसती पोकळी. चेपायचंय ना कोपऱ्याला, खुशाल चेपू दे. धक्का तिथल्या तिथे जिरतो. कर्दनकाळांनी खोकं दमट खोलीत ठेवलं, त्यावर वजनं रचली, हलत्या टेबलावर दिवसभर गदागदा हलवलं, मग या कोपऱ्यावर टाकलं, त्या कोपऱ्यावर टाकलं. खोकं मार खाल्लेल्या पैलवानासारखं दिसायला लागलं, पण आतली एक बाटली फुटली नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हरलो बाई." आयुष्यात पहिल्यांदा! मी तिथेच टाळ्या पिटल्या. गंमत म्हणजे त्यांनीही पिटल्या.

पण पुढे ऐक. मोठेसाहेबांनी औषध कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. सगळे जमले. साहेब ऐटीत म्हणाले, "आता उघडून दाखवतो," आणि खोकं काही उघडेना! झाकणाच्या पाकळ्या मी एकमेकींत इतक्या घट्ट अडकवल्या होत्या, की त्या सुटायचं नावच घेईनात. साहेबांनी नखं लावली. मग किल्ली लावली. मग पेन खुपसलं, ते मोडलं आणि शर्टावर शाईच शाई. शेवटी खोकं कर्दनकाळांच्या पुढ्यात ढकलून म्हणाले, "तुम्ही बघा हो." तर हे शांतपणे म्हणतात, "साहेब, मला मोडायचं काम आहे, उघडायचं नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग म्हणाल्या, "औषध अगदी सुखरूप आहे. पण पोराला झटका आलाय आणि परिचारिका दवाखानाभर सुरी शोधतेय, असं झालं तर?"

साहेबांची शाई बघून माझं हसू थांबत नव्हतं, ते या वाक्यावर थांबलं. मजबूत करायच्या नादात, खोकं कुणाला तरी उघडायचं असतं, हेच मी विसरले होते.

त्यावर तोडगा निघाला. झाकणाच्या आतून एक बारीक कापडी पट्टी, तिचं अंगठ्याएवढं टोक बाहेर. ओढलं की झाकण सरळ रेषेत सुटतं, आणि आत खोचलं की पुन्हा बसतं. शेजारच्या काकूंची बोटं हल्ली वळत नाहीत, म्हणून म्हटलं, त्यांच्याकडूनच पास करून घेऊ. गेल्या रविवारी कर्दनकाळ नमुने घेऊन घरीच आले. (कपाटाचं दार लागत नव्हतं, तेही बसवून गेले. आलेच होते म्हणून.) काकूंनी टोक धरून ओढलं, खर्रकन झाकण उघडलं, आणि काकू अशा खूश, की म्हणाल्या, "आण गं अजून एक." नंतर आणखीही काहीबाही बोलल्या, पण त्यांचं काय मनावर घ्यायचं, वय झालंय.

बाकी नेहमीचंच. चहा कमी केलाय. म्हणजे एकटीने पिणं कमी केलंय. जाऊ दे, पत्र फार लांबलं.

तुझी,
उगाचच खुशीत असलेली
आई

---

रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

खूप खूप आशीर्वाद. आधी हे पत्र वाच आणि मग खोकं उघड. अर्थात माझ्या रिकाम्या खोक्यांत शेंगदाणे लपवून तासाभरात स्वतःच उकरून काढणारी तू, तुला कुठला धीर निघतोय! उघडलंच असशील.

तर आहे तो बाबांचा पेला. निळ्या रेघेचा. अखेर भरवसा बसला.

नव्या खोक्यांची पहिली गाडी त्या परिचारिकेच्या दवाखान्यात गेली. तिने फोन केला. एकही बाटली फुटली नाही, आणि रिकामी खोकी आवारातली पोरं खेळायला पळवतात म्हणे. फोन ठेवला आणि मी ऑफिसात एक गिरकी घेतली. गुडघ्यासकट.

पण दुसऱ्याच्या बाटल्या वेगळ्या आणि आपल्या घरातली काच वेगळी. म्हणून पेला खोक्यात घातला आणि चाचणीच्या खोलीत नेला. कर्दनकाळांना म्हटलं, "टाका." त्यांनी खोकं यंत्रावर ठेवलं, नीट कोपऱ्यावर उभं केलं, कळीवर हात ठेवला आणि सहज विचारलं, "आत काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी हात काढून घेतला.

"हे मी नाही टाकणार."

"का? खोक्यावर विश्वास नाही?"

"खोक्यावर आहे हो. पण तो पेला माझ्या हातून फुटला, तर तुमच्या लेकीला मी तोंड कसं दाखवू?"

आणि ते चक्क बाहेर जाऊन उभे राहिले. ज्या माणसाने अर्धं आयुष्य माझी खोकी आपटण्यात घालवलं, त्याला हे एक आपटवेना.

कळ मीच ओढली. धाडकन आवाज झाला. पट्टी ओढली, रुमाल सोडला. अख्खा! निळी रेघसुद्धा जशीच्या तशी! मी केवढ्याने ओरडले असेन. ते धावत आत आले, चेहरा पांढराफटक. त्यांना वाटलं, फुटला. मी पेला हातात दिला, तेव्हा मटकन खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले.

काकू त्या दिवशी काय बोलल्या होत्या ते आता सांगते. म्हणाल्या होत्या, "खोकं उघडलं, आता तुम्हा दोघांची तोंडं कधी उघडणार?" तर मी उघडलं. मीच विचारलं, "आपण लग्न करायचं का?"

ते काय म्हणाले असतील? "तुमच्या मुलीने मला शिंगं लावली होती." असं म्हणून त्यांनी टेबलाचा खण उघडला. तुझं ते चित्र भिंत रंगवताना हरवलं, असं मी समजत होते. ते त्यांच्या खणात, इतक्या वर्षांनी, एकही घडी न पडलेलं. म्हणाले, "तिने हो म्हटल्याशिवाय मी एक पाऊल पुढे टाकणार नाही." आजारी आईला सांभाळता सांभाळता त्यांचं लग्न राहूनच गेलं. आई गेल्यावर डबासुद्धा एकटेच खायचे. मग आम्ही एकत्र खायला लागलो, भांडत भांडत. बाकी तू ओळख.

खारूताई, मला बाबांची आठवण येत नाही असं नाही. रोज येते. पूर्वी ती आली की मी भांडी घासत बसायची. आता कुणाला तरी सांगते, आणि ते ऐकतात. मला आनंद झालाय गं. इतका, की या वयात स्वयंपाक करताना गुणगुणते आणि मग दचकून गप्प होते. तुला लिहायचं धाडस होत नव्हतं. वाटायचं, तू म्हणशील, आईने बाबांचा पेला घराबाहेर काढला आणि दुसऱ्याला घरात घेतलं.

तसं वाटलं तर तसंच लिही. रागावलीस, तर राग याच खोक्यात भरून पाठव. काही फुटायचं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत आम्ही कुठेही सही करणार नाही.

तुझी,
पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावलेली
आई

---

गुरुवार, २१ नोव्हेंबर

प्रिय आई,

पेला पोचला. अख्खा. खोक्याचा एक कोपरा मात्र चांगलाच चेपलाय, म्हणजे वाटेत आणखी कुणीतरी चाचणी घेतली. पत्र मी आधी वाचलं नाही, तुझा अंदाज बरोबर होता. मग त्याच पेल्यातून चहा घेत वाचलं. अर्ध्यावर रडू आलं, शिंगांपाशी हसू आलं, आणि चहा पार गार झाला.

मला कधी कळलं सांगू? नळ गळायचा थांबला तेव्हा! तो नळ बाबांनासुद्धा कधी जमला नाही, आणि तू जन्मात कुणाला बोलावून दुरुस्त करून घेणार नाहीस. कपाटाच्या दारापर्यंत आलीस तेव्हा मी मैत्रिणीला सांगून टाकलं, "आमच्या आईचं जमलं." ती म्हणाली, कुणाशी? म्हटलं, ज्याच्या नावाने ती रोज जेवताना बोटं मोडायची त्याच्याशी. राग आलाय तो एवढाच, की मला सांगायला तुला तीन पत्रं लागली.

आई, रोज गुणगुण. दचकू नकोस.

खोकं परत पाठवतेय, रिकामं नाही. इथल्या एका दुकानात तसलाच पेला मिळाला, हिरव्या रेघेचा. बाबांचा तो बाबांचा, तो आता माझ्याकडे राहील. हा कर्दनकाळांचा. तू केले होतेस तसेच कोपरे मोकळे ठेवून मी तो स्वतः भरलाय. झाकणावर त्यांचं नवं चित्र काढलंय. मिशी पूर्वीचीच आहे. शिंग एकच ठेवलंय, तेही बारीकसं. पुढचं वागणूक बघून ठरवू.

त्यांना म्हणावं, हे खोकं आपटून बघायचं नाही. सरळ पट्टी ओढायची आणि तुझ्यासमोर बसून त्या पेल्यात चहा घ्यायचा. सहीला साक्षीदार लागतोच, तारीख कळव. मी येते.

आणि बिस्किटं खाते. रोज. आता तूही सगळं खरं सांगितलंस, म्हणून.

तुम्हा दोघांची,
खारूताई