धरणावर आमची आई हत्ती

६ जानेवारी, सोमवार

राहुरीचं प्रशिक्षण उरकलं. विषय — वर्गात मोबाईलचा प्रभावी वापर. चहा गार, प्रोजेक्टर बंद. पण एक गोष्ट डोक्यात बसली. मूल बोलतं, मोबाईल ते लिहून काढतो, मग मूल स्वतःचंच बोलणं वाचतं. सृष्टीसाठी करून बघणार. चौथीतली पोर, दिवसभर टकळी चालू, पण पुस्तक उघडलं की अक्षर लागत नाही. जूनमध्ये पाचवीला मोठ्या शाळेत जाईल. तिथं साठ पोरांत हिला कोण वाचायला शिकवणार? जे काही करायचं ते आत्ताच.

८ जानेवारी, बुधवार

पहिल्याच दिवशी फज्जा! सृष्टी म्हणाली, "माझं नाव सृष्टी हाय." मोबाईलनं ते हाय चक्क इंग्रजीत लिहिलं. "आमी" म्हटलं की "आर्मी". पोरं हसून हसून लोळली. मीही हसले.

"बाई, ह्याला आपलं बोलनं कळत न्हाई का?"

"जरा शुद्ध बोल, मग कळेल," म्हटलं मी. काय बोलून गेले!

९ जानेवारी

रंगनाथ सर, आमचे मुख्याध्यापक — "मॅडम, फोटो काढले का? ग्रुपवर टाका. बाकी चालतंय."

१३ जानेवारी, सोमवार

आज वर्गात बनुबाईंना बोलावलं. सृष्टीची आजी. आईबाप शिर्डीत हारांच्या दुकानावर कामाला, पोर आजीजवळच वाढलेली. आजीची गोष्ट मोबाईल लिहील आणि सृष्टी ती वाचेल — माझी कल्पना! बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मुळा धरणाचं काम चालू होतं तेव्हाचं सांगू लागल्या. "आमी ल्हान हुतो. धरनावर आमची आई हुती. मातीच्या पाट्या व्हायची. पायात चप्पल न्हाई."

मोबाईलनं लिहिलं — आर्मी लहान हॉटेल. धरणावर आमची आई हत्ती. मातीच्या पाट्या व्हायच्या. पायात चप्पल न्हावी.

योगेशनं ते मोठ्यांदा वाचलं. "बनुबाईची आई हत्ती!" वर्गात हशा पिकला. काय झालं ते बनुबाईंना समजलंच नाही, त्याही पोरांबरोबर हसत राहिल्या. सृष्टी हसली नाही.

१६ जानेवारी

सृष्टी गप्प. मोबाईल पुढे केला की ओठ घट्ट. मोबाईल बाजूला ठेवला तरी तेच. आधी निदान बोलायची तरी! वाचायला शिकवायला निघाले आणि होतं ते बोलणंही घालवलं.

ग्रुपवर बनुबाईंच्या फोटोला अंगठ्यांचा पाऊस. "स्तुत्य उपक्रम." मेली लाज वाटते.

२४ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर पोर शाळेत नाही म्हणून घरी गेले. बनुबाईंना पक्षाघात झालाय. तोंड वाकडं, वाचा गेली. ओठ हलतात, शब्द येत नाही. सृष्टी पायाशी बसलेली.

तिची आई शिर्डीहून आलीय. मला म्हणाली, "बाई, आत्याबाई तुमच्या मोबाईलमदी बोलल्या हुत्या ना? तेवढं आयकवा. पोर सारखी त्येच म्हनती."

कुठून ऐकवू? आवाज ठेवलेलाच नाही. मोबाईल नुसतं लिहीत होता, तेही असलं. रेकॉर्ड करायचं साधं बटण होतं, तेवढं दाबायचं सुचलं नाही मला! "नाही हो," एवढंच म्हटलं आणि उठले.

२७ जानेवारी

मोबाईल कपाटात. प्रशिक्षणाचा अहवाल मागितलाय. काय लिहू? बदली मागावी असं वाटतंय. माझ्याच्यानं नाही होत हे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सृष्टी आली. मधल्या सुट्टीत टेबलाशी उभी. "बाई, आजीचं लिवलेलं दावा." नको नको म्हणत दाखवलं. बोट ठेवत, अडखळत वाचू लागली. मधेच थांबली.

"बाई, हितं हत्ती लिवलंय. हुती पायजे."

तिचं बोट पुढे. "हॉटेल न्हाई, हुतो. न्हावी न्हाई... न्हाई." मग खडू मागितला आणि फळ्यावर एकेक अक्षर काढलं — धरनावर आमची आई हुती. "घरी जाऊन आजीला वाचून दावनार."

शुद्धलेखनाच्या दोन चुका. फळा पुसलेला नाही. पोर वाचली!