‘का’ कुठे गेला?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? आम्ही दोघं बरे आहोत. हिचे कान तेवढे जास्तच मंद झालेत.

तिच्या कानाच्या मशीनसाठी मी बँकेत पैसे साठवले होते. ते एका विमा कंपनीने परस्पर उचलले. झालं असं, की दुपारी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. आवाज गोड, वेळ भरपूर. घरात माझं बोलणं हिला ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी आपणहून बोललं की मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, विमा घेतला की म्हातारपण निर्धास्त. मी म्हटलं, हो का? हप्ता थेट खात्यातून जातो. हो का? (माझी खोड तुला ठाऊकच आहे.) शेवटी तिने आभार मानले. मला वाटलं, ऐकून घेतल्याबद्दल असतील.

पैसे गेल्यावर डोकं फिरलं, पण तक्रार करतात तरी कशी, याचं कुतूहलही वाटलं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, आधी कंपनीकडेच लेखी द्या. ज्याने खिसा कापला त्यालाच आधी विचारायचं, ही रीत मला भारी आवडली. दिलं. महिनाभराने उत्तर आलं, की तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. (कोणाचं समाधान, ते लिहिलं नव्हतं.) सोबत आमच्या बोलण्याची लेखी प्रत. मी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, नजर लगेच अडकली. जिथे जिथे मी ‘हो का?’ म्हटलं होतं, तिथे नुसतं ‘हो’. ‘का’ गळालेला, प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम.

कंपनीचं उत्तर पटलं नाही तर बाहेरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे त्याच पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. फी नाही, वकील नाही. गेलो. अधिकारी बाईंनी मूळ ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. त्यात नेमकी खरखर. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘का’ ऐकूच येत नाही. तेव्हा बाईंनी मला विचारलं, “तुम्ही नेहमी असंच बोलता, हे सांगणारं कोणी आहे?” सोमवारी पुन्हा बोलावलंय.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सोमवारी साक्षीला येशील? हिला मशीन मिळायलाच हवं. माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण?

आणखी एक. दाखला म्हणून माझ्या लग्नाची गोष्ट मात्र सांगू नकोस. हिच्या घरी बाबा म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे. मी ‘हो का?’ म्हटलं आणि तुम्ही लगेच तारीख ठरवलीत. हिला हे अजून माहीत नाही.

वन्सं, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं. दुखरे गुडघे घेऊन तुम्ही येऊ नका, साक्षीला मी जाते. फोन आला तेव्हा मी समोरच भाजी निवडत होते. ऐकू येईनासं झाल्यापासून मी यांचे ओठ वाचते. ‘हो’ला ते गोल होतात, ‘का’ला तोंड उघडतं, त्या दिवशी दर वेळी उघडलं होतं. लग्नाच्या वेळचा ‘का’ मी दाराआडून ऐकला होता. तेव्हा माझे कान चांगले होते. ‘हो’ मी म्हटलं होतं.