पलीकडे थांबलेली माणसं

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतोस आणि माझ्या उजव्या कानाला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. माझी शाळा लवकर सुटली हे तुला ठाऊक आहेच. चुका सापडल्या तर सूनबाईला हसू दे, तू हसू नकोस.

मी बरा आहे. गुडघा कुरकुर करतो, पण तो माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो आणि चालतो. तुझी मान कशी आहे? त्या खुर्चीचा मोडका हात अजून चिकटपट्टीनेच बांधलेला आहे का? पडशील एक दिवस.

संध्याकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटरवर तू बनवलेला ‘तराफा’ खेळ लावून बसतो. पूल झाला आणि माझा खरा तराफा भंगारात गेला, तेव्हा वाटलं नव्हतं की म्हातारपणी पुन्हा नदी ओलांडेन. घाटावरची घंटा मी घरी आणून स्वयंपाकघरात टांगली. तिचाच आवाज तू खेळात घातलास, त्यामुळे खेळात घंटा झाली की मी अजून उठायला जातो. पलीकडे दोर ओढायला पाणकोंबडी असते. ती कुठल्याशा लांबच्या गावातली निवृत्त नर्स आहे, नाव तिनेच घेतलंय. मी हळू आहे म्हणून रोज बोलते, दोर सोडून देईन अशी धमकी देते. एकट्याने तो तराफा हलत नाही हे तू फार चांगलं केलंस. खऱ्यातही हलत नसे.

आता काळजीचं. इंटरनेटवरच्या खेळांच्या दुकानात जिथे गिऱ्हाइकं आपापसात बोलतात, त्या फळ्यावर कुणीतरी लिहिलंय की तुझा नवा खेळ ‘वरचा घाट’ इथे येणारच नाही, दुसऱ्या एका नव्या दुकानातच मिळेल. सगळे तापलेत. तिथे मला नावाडी आजोबा म्हणतात, तुझा बाप म्हणून ओळखतात. मी लिहिलं की अफवा आहे, माझा मुलगा असं करणार नाही. खरं ना ते? मला झोप नाही. लगेच लिही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा

•

११ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मान बरी आहे. खुर्ची तशीच आहे.

बाबा, अफवा नाही. करारावर मी गेल्या महिन्यात सही केली. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही काळजी कराल म्हणून टाळलं, आणि आता दुप्पट काळजी लावली.

तुम्ही मला फसवा म्हणण्याआधी एवढं ऐका. जुन्या दुकानात रोज इतके नवे खेळ येतात की सकाळी लावलेला आपला खेळ दुपारपर्यंत कुणाच्या नजरेसही पडत नाही. वर ते विक्रीतला मोठा वाटा कापून घेतात. नवं दुकान म्हणालं, खेळ वर्षभर फक्त आमच्याकडे ठेवा, खपो न खपो, ठरलेली रक्कम तुमची. त्या रकमेवर माझी तीन माणसं उभी आहेत. चित्रं काढणाऱ्या मुलीचं लग्न ठरलंय. आवाजाचं काम करणारा आईला घेऊन राहतो. तिसऱ्याला तर दुसरीकडे कुणी ठेवून घेणार नाही, इतका तो भांडखोर आहे. त्यांना मी काय सांगणार होतो? खेळणाऱ्यांची मनं सांभाळू आणि उपाशी राहू?

आणखी एक वाईट बातमी. खेळणाऱ्यांच्या जोड्या लावणारा सर्व्हर दोन खेळांसाठी चालवणं परवडत नाही. जूनपासून जुना ‘तराफा’ बंद करावा लागेल. तुम्ही नव्यात या. दुकानाचा प्रोग्राम मी येऊन लावून देईन.

वर्षानंतर ‘वरचा घाट’ जुन्या दुकानातही येईल. पण हे फक्त तुम्हाला सांगतोय. करारात तसं कलम आहे, वर्षाची गोष्ट बाहेर फुटता कामा नये, नाहीतर लोक थांबून राहतील आणि त्यांच्याकडे कुणी घेणार नाही. फळ्यावर काही लिहू नका. त्यांना शिव्या देऊ दे. मला सवय झालीय.

औषध वेळेवर घ्या. तुमचा आशीर्वाद मागणारा,
धाकटा

•

२६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दोन दिवस फळा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला आणि उघडला नसता तर बरं झालं असतं. नव्या दुकानाची आणि जूनमध्ये जुना खेळ बंद होण्याची बातमी तोवर तिथे जाहीर झाली होती. तुला काय काय म्हणतात! एकाने लिहिलं की पुढच्या करारात बापालाही विकेल. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, आपल्याला झुलवत ठेवलं. चांगल्या खेळाला मुद्दाम वाईट म्हणून मतं टाकतायत. पाणकोंबडी एकटी माझ्या बाजूने भांडली, पण तिचा कॉम्प्युटर इतका जुना की नवं दुकान त्याच्यावर चालतच नाही. ती म्हणाली, म्हणजे जूनपासून मी हातात काय धरू? दोर तर तुम्ही घेऊन चाललात.

मी एक गोष्ट केली आहे. आधी पूर्ण वाच, मग राग.

तराफ्यावर माझा एक नियम होता, माझ्या उस्तादाने घालून दिलेला. इकडे दोर तुटला, पाणी चढलं, काहीही झालं, तरी पलीकडे उभ्या माणसाला ओरडून सांगायचं की किती वेळ लागेल. उन्हात त्याला ताटकळत ठेवायचं नाही. तास म्हटलं तर तो झाडाखाली बसतो. काहीच नाही सांगितलं तर तो दगड मारतो. तुझे लोक दगड मारत होते. म्हणून मी फळ्यावर लिहिलं की, बाबांनो, वर्षभर थांबा, खेळ इथे येणार आहे, मुलाने मला स्वतः सांगितलंय.

आणि बघ, सगळे शांत झाले! कितीतरी जणांनी आभार मानले, आता वर्षभर थांबू, तिकडे कुणीच घेणार नाही, असं एकमेकांना सांगतायत. बापाला विकेल म्हणणाऱ्याने माफी मागितली. पाणकोंबडीने लिहिलं की वर्ष म्हणजे काय, इतकी वर्षं पेशंटच्या उशाशी काढली, तेवढं काढेन. कलमाचं मी विसरलो नव्हतो. पण एवढ्या मोठ्या दुकानात एका म्हाताऱ्याचं लिहिणं कोण वाचतंय? तुझ्यावरचा राग उतरला, हे वाचून तुलाही जरा बरं वाटेल.

जेवत जा रे.
तुझ्याच काळजीत,
बाबा

•

१९ जुलै

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

धाकटा लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे. मार्चनंतरची तुमची तिन्ही पत्रं पोचली. ती उशाखाली आहेत, उघडलेली आहेत.

दुकानाने तुमचं ते लिहिणं वाचलं होतं. त्यांच्याकडे ते वाचायलाच माणसं असतात. मेमध्ये खेळ आला तेव्हा जवळजवळ कुणीच घेतला नाही, सगळे थांबले होते. मग त्यांनी तुमच्या मजकुराचा कागद पुढे ठेवला आणि करार मोडला म्हणून उरलेली रक्कम रोखली. आधी दिलेल्या रकमेच्या बदल्यात खेळ त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला, कायमचा. आता तो जुन्या दुकानात येणार नाही, वर्षाने नाही आणि कधीच नाही. वकील म्हणाला, भांडून उपयोग नाही.

कामाच्या खोल्या सोडल्या. चित्रं काढणारी मुलगी जाताना रडली नाही, भिंतीवरचे नदीचे कागद मात्र तिने एकेक करून सोडवले, एकही फाटू दिला नाही. भांडखोर होता तो सगळ्यात शेवटी गेला आणि कुणाशीही भांडला नाही. धाकट्याला एका लिफ्टच्या कंपनीत काम मिळालंय. वेळेवर जातो, वेळेवर येतो.

त्याने तुम्हाला एका शब्दानेही दोष दिलेला नाही, बाबा. त्याने मोठ्याने बोलावं, ताट आपटावं, असं मला रोज वाटतं. मी तुम्हाला काय लिहू? तुमच्यावर माझाही राग आहे, आणि तुम्ही एकटे आहात याचीही काळजी आहे. दोन्ही खरं आहे.

गुडघ्याला शेक देत जा.
तुमची,
सूनबाई

•

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितो. क्षमा मागत नाही, तेवढ्याने भागणार नाही हे मला कळतं.

शेजारच्या मास्तरांकडून मी नवं दुकान लावून घेतलं आणि ‘वरचा घाट’ विकत घेतला. सुंदर आहे. धुक्यातून पलीकडचं झाड दिसतं, अगदी आपल्या घाटावरचं. घंटाही तीच ठेवलीस. मी रोज वाजवतो. पलीकडे दोर धरायला कुणी येत नाही. तराफा काठालाच हलतो, मी थोडा वेळ बसतो आणि बंद करतो.

जुना फळा अजून आहे. खेळ बंद झाला तरी माणसं तिथे येतात, कारण मी सांगितलं होतं थांबा. वर्ष संपत आलं म्हणून आता पुन्हा गर्दी झालीय. खेळ कायमचा गेला हे दुकानाने कुठे जाहीर केलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. परवा पाणकोंबडीने लिहिलं की तिने नवा कॉम्प्युटर घेतला, नुसता या खेळासाठी. त्या नव्या दुकानात मी पाय ठेवणार नाही, मेमध्ये इथे घंटा वाजली की मी दोरावर असेन, म्हणाली, आणि तुमचा हळूपणा यंदा चालवून घेणार नाही.

मी वाचलं आणि बंद केलं. सगळा जन्म पलीकडच्या माणसाला ओरडून सांगत आलो, अर्धा तास, एक तास, पाणी उतरलं की. तराफा येणारच नाही, परत जा, असं मला कधी सांगावं लागलं नाही. पूल झाला तेव्हाही लोक आपणहून पुलावरून गेले. ते वाक्य कसं लिहितात मला ठाऊक नाही. चार शब्द लिहिले की खोटे वाटतात, खोडतो.

तू शिकलेला आहेस. माझ्याशी बोलू नकोस, पण तेवढं एक मला कागदावर लिहून पाठव. मी जसंच्या तसं उतरवून काढेन. ती माणसं उन्हात उभी आहेत.

तुझा,
बाबा